कूलर चालू ठेवला तर गिटार ऐकू येत नाही, मग नवी घ्यायची का?

पत्र थोडक्यात: नागपुरातल्याच एका ताईंचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. वय ४३, खासगी कंपनीत अकाउंट्सचं काम, घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि सासूबाई. मुलीसाठी आणलेली नऊ हजारांची गिटार मुलीने सोडली आणि ताईंनी उचलली, त्याला दोन वर्षं झाली, क्लासही लावला. कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे जोड, येतात, सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवून, म्हणजे स्ट्रमिंग करून चार-पाच गाणी वाजवतात. पण हवंय ते वेगळंच. गाणं सुरू व्हायच्या आधी किंवा सिनेमात कोणी बोलत नसताना मागे एकटी गिटार बोटांनी वाजत असते ना, एकेक तार सुटी सुटी, तसं. सर म्हणतात ते नंतर, आधी गाणी पूर्ण करा. सराव होतो रात्री साडेदहानंतर, सासूबाई बाजूच्या खोलीत झोपलेल्या म्हणून हळू वाजवावं लागतं, आणि कूलरच्या आवाजात हळू वाजवलेलं स्वतःलाच ऐकू येत नाही म्हणून मग जोर लावला जातो. जे ऐकू येतं ते टकटक, एक तार मोठी तर एक गायब. नखं कणकेत आणि भांड्यांत टिकत नाहीत. नवरा विचारतो, "हे गाणं कोणतं आहे?" वरून सोसायटीवाले गणपतीत वाजवा म्हणून मागे लागलेत. प्रश्न असा की ४५ हजारांची चांगली गिटार हप्त्यावर घेऊ, क्लास बदलू, की या वयात हा नादच सोडू? शेवटी लिहितात, "मला मोठं काही नको, शांत वाजवायचंय फक्त, सोपं असतं ना ते, मग तेही काऊन जमत नाही?"

ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण बाकीची गडबड तिथूनच सुरू झालीय असं मला वाटतं. शांत असतं म्हणजे सोपं असतं, हे कोणी सांगितलं तुम्हाला? स्ट्रमिंगमध्ये सहा तारा एकदम वाजतात, त्यातली एखादी नीट दाबली गेली नाही तरी बाकीच्या पाच तिला सांभाळून घेतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही जे वाजवायला बघताय त्यात एका वेळी एकच तार, ती जराशी बझ झाली, म्हणजे झणझणली, जराशी लवकर आली, शेजारणीपेक्षा जरा जोरात लागली की लगेच कळतं. त्यातून वेग कमी, म्हणजे चूक झाल्यावर पुढच्या सुरात ती बुडवून टाकायचीही सोय नाही. तुम्ही अवघड काम हातात घेतलंय आणि त्याला सोपं समजून दोन वर्षं स्वतःवर चिडून राहिल्या आहात, एवढंच झालंय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही "हळू वाजवते" म्हणजे नेमकं काय करता? पत्रावरून वाटतं की जोर कमी करता, सगळ्याच बोटांचा, सगळ्याच तारांवर. त्याने गिटार शांत वाटत नाही, नुसती मुकी वाटते. आपण ऐकताना ज्याला शांत म्हणतो त्यात खरं तर तीन गोष्टी चालू असतात, एक सूर बाकीच्यांपेक्षा थोडा पुढे असतो, मागचे सूर पुढचा आला तरी लगेच मरत नाहीत, एकमेकांत मिसळत राहतात, आणि मध्ये मध्ये वाजवणारा चक्क थांबतो. या तिन्हींपैकी एकही गोष्ट ४५ हजारांना मिळत नाही. तिन्ही उजव्या हातात आणि कानात आहेत, आणि कान तुम्ही कूलरला देऊन टाकलाय.

कूलरचंच आधी बघू. सासूबाईंची झोप मोडेल म्हणून हळू वाजवता आणि कूलरमुळे ऐकू येत नाही म्हणून जोरात वाजवता, असं दोन्ही तुम्हीच लिहिलंय. अहो, जो कूलर तुमचा आवाज तुमच्यापर्यंत पोचू देत नाही तो भिंतीपलीकडे, दार लोटलेलं असताना, दुसऱ्या कूलरखाली झोपलेल्या सासूबाईंपर्यंत पोचू देईल का? आपल्याकडच्या त्या पत्र्याच्या मोठ्या कूलरचा घरघराट काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. एकदा त्यांना सरळ विचारून बघा, "आई, रात्री गिटार ऐकू येते का, त्रास होतो का?" बहुतेक त्या विचारतील, केव्हा वाजवतेस? आणि समजा खरंच त्रास होत असेल तर तेही कळेल, मग वेळ बदलायची. नुसत्या अंदाजावर दोन वर्षं हात आखडून वाजवत राहिलं तर ती आखडलेली सवय हाताला लागते आणि ती सोडवणं नवं शिकण्यापेक्षा कठीण.

आता स्वतःला ऐकू येण्याचं. भर नवतप्यात कूलर बंद करून बसा असं मी म्हणणार नाही, सरावापेक्षा घामच जास्त निघेल. दोन उपाय आहेत. एक, कूलरकडे पाठ आणि तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे करून, भिंतीपासून हातभर अंतरावर बसा, आवाज भिंतीवरून परत तुमच्याकडेच येतो. दुसरा थोडा विचित्र दिसतो पण भारी आहे, गिटारच्या वरच्या कडेवर, जिथे उजवा हात टेकतो त्याच्या जरा पुढे, हनुवटी किंवा जबड्याचं हाड हलकेच टेकवा आणि एक उघडी तार छेडा. लाकडाचं कंपन हाडातून थेट कानात येतं, कूलर कितीही घरघरला तरी. तार किती वेळ वाजत राहते, कुठे विरते, आणि तुमचं पुढचं बोट तिला मधेच कसं मारून टाकतं, सगळं ऐकू येईल. मान अवघडते म्हणून दोन-तीन मिनिटंच करायचं, पण रोज करायचं. आणि जमत असेल तर आठवड्यातून एखाद दिवस पहाटे कूलर बंद करायच्या वेळेला वाजवा, कानाला नुसता फरक कळावा म्हणून.

मग ती टकटक. दोन कारणं असतात बहुतेक वेळा. बोट लांबून येऊन तारेवर आपटतं, हे एक. आणि दुसरं, तार छेडताना बोट बाहेर, लाकडापासून लांब ओढलं जातं, मग सुटलेली तार उसळून फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, फटकन बसते. उपाय एकच. बोट आधी तारेवर ठेवा, तिचा ताण बोटाला जाणवू द्या, मग अगदी किंचित आत, लाकडाच्या दिशेने दाबून तळहाताकडे सुटू द्या. ठेवा, दाबा, सोडा. सुरुवातीला हे इतकं सावकाश करायचं की मुलगी येऊन विचारेल, आई गिटार बिघडली का. हात साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या अंगावरच्या गोल भोकाच्या, मानेकडच्या कडेवर ठेवा. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अंगाला अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, जवळ छेडलं की वरचे हार्मोनिक, मूळ सुरासोबतचे बारीक उपसूर, जास्त निघतात, आवाज पातळ आणि टोकदार होतो. तारेच्या मध्याकडे सरकलं की ते कमी होतात, सूर गोल होतो. त्यात पैसा लागत नाही, मनगट चार बोटं डावीकडे न्यायचं फक्त.

कोणतं बोट कुठे, हे सरांनी सांगितलं असेलच, तरी दुसऱ्या वाचकांसाठी लिहितो. अंगठा जाड तीन तारांसाठी, तर्जनी तिसरीला, मधलं बोट दुसरीला, अनामिका सगळ्यात बारीक पहिलीला, करंगळीला सुट्टी. व्हिडिओत किंवा नोटेशनमध्ये पी, आय, एम, ए लिहिलेलं दिसतं ते याच बोटांच्या स्पॅनिश नावांवरून, याच क्रमाने.

"एक तार मोठी, एक गायब" यावर सांगतो. मी बघितलेल्या जवळजवळ सगळ्या नवशिक्यांचा अंगठा दांडगट असतो आणि अनामिका बिचारी दबलेली. आणि नेमका वरचा सूर, ज्यावर ऐकणाऱ्याचा कान असतो, तो अनामिकेकडेच असतो. म्हणजे घरात ज्याने गप्प बसायचं तो बोलून राहिला आणि जिने बोलायचं ती गप्प. यासाठी तिसरी तार घ्या, उघडी, तर्जनीने आधी बझ न होता जेवढी मोठी वाजेल तेवढी वाजवा, मग जरा कमी, मग अजून कमी, असं उतरत उतरत जिथे सूर अजून स्पष्ट आहे पण त्याखाली गेलं की नुसता बोटाचा आवाज येतो तिथपर्यंत जा. तो तुमचा तळ. त्याच्या एक पायरी वर तुमचं रोजचं शांत वाजवणं असायला पाहिजे, त्यामुळे खाली जायला जागा राहते आणि वर तर भरपूर असते. हेच चारही बोटांनी करा, अंगठ्याने सगळ्यात जास्त वेळ. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, तेव्हाच्या तेव्हा नको, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना ऐका, वाजवताना आपण बोटांच्या विचारात असतो, ऐकताना फक्त ऐकतो.

आता वाजवायचं काय. तुम्ही कुठलं नवीन गाणं शोधू नका, चार कॉर्ड देतो, त्यातच महिना काढा. युक्ती अशी की बारीक तीन तारा चारही कॉर्डमध्ये उघड्याच राहतात, डावा हात फक्त खालचा सूर बदलतो. पहिला ई मायनर, पाचव्या आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट, अंगठा सहावीवर. मग तीच दोन बोटं एकेक तार वर जाड बाजूला नेऊन सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट आणि पाचवीवर दुसरा, हा जी सिक्स, अंगठा सहावीवरच. मग पाचवीवर तिसरा आणि चौथीवर दुसरा, हा सी मेजर सेव्हन, अंगठा पाचवीवर. शेवटी फक्त चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट ठेवा आणि अंगठा उघड्या पाचवीवर, याच्या नावाच्या भानगडीत पडू नका. प्रत्येकावर अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, मधलं, तर्जनी, असे सहा सूर, मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ताल देणारं यंत्र किंवा ॲप, ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० टिक, एका टिकला एक सूर. वर जी, बी, ई तेच तीन सूर वाजत राहतात आणि खाली जमीन बदलते, त्यामुळे तेच सूर प्रत्येक वेळी वेगळे वाटतात. तुम्हाला सिनेमातल्या ज्या तुकड्यांचं वेड आहे त्यातले कितीतरी याच कल्पनेवर उभे असतात.

डाव्या हाताने कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम उचलायची नाहीत. सी मेजर सेव्हनवरून शेवटच्या कॉर्डवर जाताना चौथ्या तारेवरचं बोट तसंच राहू द्यायचं, फक्त पाचवीवरचं उचलायचं, म्हणजे सूर तुटत नाही. जाड तारांवरून बोट घासत नेलं की सुईंं असा आवाज येतो तो टाळायला बोट आधी सरळ वर उचला, मग सरकवा. आणि दाब. तारेवर बोट नुसतं ठेवा, फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे चिकटून, छेडत राहा आणि हळूहळू दाब वाढवत न्या, जिथे सूर स्वच्छ झाला तिथे थांबा. बहुतेकांना धक्का बसतो की आपण याच्या दुप्पट दाबत होतो. दिवसभर कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्या माणसाने तर हे आधी शिकायला पाहिजे. बोटांची टोकं दुखणं चालेल, मनगटात मुंग्या आल्या तर त्या दिवशी बंद, आणि वारंवार आल्या तर डॉक्टरला दाखवा.

मेट्रोनोम ६० वर जमलं की लोक ८० करतात. तुम्ही ५० करा. दोन टिकच्या मध्ये जी मोकळी जागा वाढते तिथे बोट घाई करतं, ते घाई करणं बंद झालं की समजा काहीतरी शिकलो.

नखांचं अजिबात टेन्शन घेऊ नका बाप्पा. हा वाद दोनशे वर्षं जुना आहे. पॅरिसमध्ये दोन स्पॅनिश गिटारवादक होते, फर्नांडो सोर आणि दिओनिसिओ अग्वादो, दोघंही आपल्या काळातले मोठे, दोघंही मित्र. अग्वादो नखांनी वाजवायचा, सोर नखं न वापरता नुसत्या बोटाच्या मांसाने. सोरने दोघांनी मिळून वाजवायला युगुल-रचनाही लिहिली, म्हणजे बाजूबाजूला बसून एक नखाने आणि एक बोटाने वाजवत असणार. तेव्हा कणीक मळा, भांडी घासा, नखं कापून टाका. स्टीलच्या तारा तशाही नखं खाऊन टाकतात. नखाशिवाय आवाज थोडा लहान पण मऊ येतो, आणि तुम्हाला तोच तर हवाय. काहीजण वरचा सूर उठून यावा म्हणून अनामिकेचं नख कणभर ठेवतात, ते पुढे बघा.

आता ४५ हजार. माझं मत विचाराल तर आत्ता नाही, आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. त्या किमतीत बहुतेक सॉलिड टॉपची गिटार येते, म्हणजे वरची फळी एकसंध लाकडाची. आवाज छानच असतो त्याचा, हळूवार हाताला ती लवकर उत्तर देते, हे मी नाकारत नाही. पण अशा गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओलावा लागतो, आणि आपल्या नागपुरात मेमधल्या दुपारी तो २० च्याही खाली जातो. लाकूड आकसतं, टॉप बसतो, तारा फ्रेटला लागायला लागतात, वाईट नशीब असेल तर तडा. मग रात्री कूलर लावला की एकदम दमट, सकाळी पुन्हा कोरडं. हे वर-खाली होणंच लाकडाला सगळ्यात वाईट. तुमच्या नऊ हजारांच्या गिटारचा टॉप बहुतेक लॅमिनेट असणार, थरांचा, आवाजाला थोडा बंद पण हवेच्या बाबतीत सोशिक. लाकूड सुकलंय का ते बघायचं असेल तर मानेच्या कडेवरून बोट फिरवून बघा, फ्रेटची धातूची टोकं टोचत असतील तर लाकूड सुकलंय. गिटार भिंतीला टांगू नका, कूलरच्या झोतात तर नाहीच, बॅगेत बंद ठेवा. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा डबीएवढा मीटर मिळतो, तो बॅगेत टाकून ठेवा, आकडा बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

पैसे घालायचेच तर इथे घाला. दोन वर्षांत तारा बदलल्याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही, म्हणजे मी समजतो बदलल्या नाहीत. गंजलेल्या तारेतून शांत सूर निघत नाही, धप्प असा निघतो आणि लगेच मरतो, मग तो जिवंत ठेवायला आपण जोर लावतो. नव्या तारा आणि सोबत सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि मान नीट बसवून घेणं. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची फ्रेटपासून साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिलीची दोनच्या आसपास असली की हलक्या हाताला पुरे, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघता येतं. तीनच्या बरीच वर असेल तर तुमचा डावा हात विनाकारण मजुरी करतोय. मानेचा बाक सांभाळणारा आतला रॉड स्वतः फिरवू नका, तेवढं दुरुस्तीवाल्याकडून.

हे सगळं करून चार-सहा महिने वाजवलंत आणि तरी वाटलं की गिटारच आड येते, तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास बघायला जा. तेव्हा आकार बदलून बघा. तुमच्याकडे जी आहे ती वर्णनावरून ड्रेडनॉट वाटते, रुंद कमरेची मोठी, तो आकार मुळात मोठ्या आवाजासाठी. कमरेत बारीक, लहान अंगाची गिटार, ओएम किंवा पार्लर म्हणतात, हलक्या बोटाला जास्त मोकळी वाजते आणि मांडीवरही नीट बसते. नायलॉन तारांची क्लासिकल पण हातात घेऊन बघा. तिची मान वर ५२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, स्टीलवालीची ४३, म्हणजे बोटांना दोन तारांच्या मध्ये जागा मिळते, आवाज मुळातच मऊ. पण तो चमकता, लांबत जाणारा सूर स्टीलचाच, आणि तुम्हाला नेमका कोणता हवाय ते तुमचा कान सांगेल. दुकानात विकणारा मुलगा जोरात स्ट्रम करून दाखवतो, कोणतीही गिटार तेव्हा बरीच वाटते, त्याला थांबवा आणि वरचे चार कॉर्ड तुमच्या तळाच्या एक पायरी वर वाजवून बघा. हो, आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा कधीही लावायच्या नाहीत, ताणाने ब्रिज उखडतो, हे दरवर्षी कोणीतरी करतंच.

क्लास बदलायचा प्रश्न. सर अगदीच चूक नाहीत बरं का. गाण्यांनी ताल पक्का होतो आणि ताल कच्चा असलेल्या माणसाने हळू वाजवलं की ते शांत न वाटता अडखळल्यासारखं वाटतं. पण "ते नंतर" याला तारीख नसते ही तुमची तक्रारही खरी. तुम्ही सरांना कधी वाजवून दाखवलंय का, की हे बघा सर मला असं वाजवायचंय? पत्रात तर तसं दिसत नाही, नुसतं विचारलंय असं दिसतं. वरचे चार कॉर्ड नीट बसवून त्यांच्यासमोर वाजवा आणि म्हणा, दर क्लासमधली शेवटची दहा मिनिटं यासाठी द्या. ऐकल्यावर बहुतेक मास्तर लोक विरघळतात. नाहीच म्हणाले तर क्लासिकल गिटार शिकवणारं कोणी शोधा, धरमपेठ, सदर, प्रतापनगर या बाजूला विचारपूस केली तर सापडेल. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या ग्रेड परीक्षा आपल्याकडे मुलं देतात, त्या शिकवणाऱ्याला बोटांचं हे काम शिकवावंच लागतं. परीक्षा तुम्ही द्यायची गरज नाही.

एक पुढची गोष्ट सांगून ठेवतो, दोन-तीन महिन्यांनी करून बघा. सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर खाली उतरवायची, की उघड्या तारा जाडीकडून बारीककडे डी, ए, डी, जी, ए, डी होतात. १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश गिटारवादकाने हे ट्यूनिंग रुजवलं. आपल्या भाषेत मांडलं तर सा, प, सा, म, प, सा. तंबोऱ्याच्या कानाला हे परकं वाटूच शकत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, पांढरी दोन, म्हणजे डी, आणि त्यावर नुसत्या उघड्या तारा छेडत एका तारेवर एक-दोन सूर शोधत बसा. पण हे आधी करू नका, कारण इथे काहीही वाजवलं तरी गोड लागतं आणि हात सुधारायचा राहून जातो.

नवऱ्याच्या प्रश्नाने तुम्हाला लागलंय हे कळतं. पण मला तो प्रश्न टोमणा वाटत नाही, कुतूहल वाटतं. त्यांच्या डोक्यात गिटार म्हणजे गाणं, आणि गाणं म्हणजे ओळखू येणारी चाल. सांगा त्यांना, गाण्याआधी आलाप असतो ना, बंदिश सुरू व्हायच्या आधीचा, तसं समजा. पुढच्या वेळी बहुतेक विचारणार नाहीत. विचारलं तरी काय बिघडलं, निदान ऐकून तर राहिलेत.

गणपतीबद्दल माझा सल्ला थोडा वेगळा आहे. एकटीने स्टेजवर जाऊन पाच मिनिटं असं काही वाजवू नका, लहान मुलांच्या डान्सनंतर आणि लकी ड्रॉच्या आधी, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या ओढणं चालू, कोणाचंही वाजवणं तिथे वाया जातं आणि आपण समजतो आपलंच वाईट होतं. पण सोसायटीत भावगीत किंवा अभंग गाणारं कोणीतरी असेलच, एखाद्या काकू असतातच, त्यांना विचारा. गाण्याआधी अर्धा-पाऊण मिनिट एकट्या तुमच्या बोटांचं, मग त्यांचा आवाज. गाणं येणार आहे म्हटल्यावर लोक गप्प बसतात, आणि तुम्हाला जे आवडतं, गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते, नेमकं त्याच जागी वाजतं. काकूंची पट्टी आधी विचारून घ्या, गरज पडली तर कॅपो, म्हणजे मानेवर लावून पट्टी चढवायचा चिमटा, लावा. माईक बाराव्या फ्रेटच्या समोर वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवायला सांगा, साउंडवाला साउंडहोलच्या तोंडाशी लावायला जाईल, तिथे नुसता घुमतो आवाज. मन नसेल तर सरळ नाही म्हणा, कोजागिरीला गच्चीवर आटवलेल्या दुधासोबत वाजवा, तिथे माणसंही कमी आणि कूलरही नाही.

वयाचं मी मुद्दामच काही लिहिलं नाही. ४३ व्या वर्षी बोटं शिकतात, रोज वीस मिनिटं मिळाली तर. वीस मिळत नसतील तर दहा, पण रविवारी दोन तास आणि बाकी दिवस शून्य असं नको, बोटांच्या टोकांचे घट्टे मऊ पडतात आणि दर रविवारी तेच दुखणं नव्याने.

या शनिवारी सीताबर्डीला जाणं झालं तर तारांचं काम उरकून घ्या. नुसतं "गिटारच्या तारा द्या" म्हटलं की समोरून बहुतेक १२ चा सेट येतो. तुम्ही ११ चा मागा, म्हणजे ज्यात पहिली तार ०.०११ इंचाची असते, फॉस्फर ब्रॉन्झमध्ये. तारा हलक्या झाल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि कधीकधी बझ यायला लागतो, म्हणून सेटअप त्याच वेळी, त्याच माणसाकडून करून घ्या, आणि पहिली तार एक जास्तीची घेऊन ठेवा, तुटते ती तीच.